वॉर्ड एकमधले क्वालिटीनाना

मगरेनानांनी माझ्या दुकानाच्या पायरीला लाल टॅग बांधला, तेव्हा त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही करून मला अर्धा तासही झाला नव्हता. सहीची शाई वाळली नव्हती, असं लिहायचा मोह होतोय. पण सही बॉलपेनची होती, आणि नाना पुण्यात मुलाकडे ठणठणीत असताना त्यांच्याविषयी तिखटमीठ लावून लिहायची माझी छाती नाही. ते हा कागद हातात घेतील, उजेडाकडे धरतील आणि पहिल्याच ओळीत चूक काढतील.

टॅग म्हणजे तळहाताएवढा पुठ्ठा. वर भोक, भोकातून तार. त्यावर छापलेलं: 'नाकारले'. खाली तीन रकाने, नानांच्या टपोऱ्या अक्षरात भरलेले. वस्तू: पायरी. दोष: गटारावर दीड फूट पुढे. तपासणारा: म. भि. मगरे, आणि सही.

"नाना, मी तुमचा सूचक आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर पहिला तुमचा लावला, शेठ. दुसऱ्याचा लावला असता तर लोक म्हणले असते, आपल्या माणसाला सोडलं."

आत गल्ल्यावर माझी बायको बसली होती. ती साड्यांच्या घडीतून मान वर न काढता म्हणाली, "अजून करा सह्या."

आमचं जांभूळखेडा वाळूजच्या कारखान्यांपासून मोटरसायकलवर अर्ध्या तासावर. कंपनीची बस फाट्यावर यायची आणि पहिल्या शिफ्टची माणसं घेऊन जायची. नाना त्या बसनं एकतीस वर्षं गेले. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासनीस होते. कशात आहात, असं कुणी विचारलं तर सांगायचे, "क्वालिटीत." तेच नाव पडलं. निवृत्त झाले तरी पायात कंपनीचे लोखंडी टोकाचे काळे बूट, अंगात निळा शर्ट. खिशावरचं कंपनीचं नाव मात्र निवृत्तीच्या दिवशीच स्वतः उसवून काढलेलं. "आता त्यांचं नाव लावायचा मला अधिकार नाय," म्हणायचे. धागे निघाले तिथं कापड जरा गडद राहिलं होतं. त्यामुळे कंपनीचं नाव आधीपेक्षा जास्त उठून दिसायचं, पण हे त्यांना सांगायची हिंमत गावात कुणाची झाली नाही.

जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी तीन प्रकार होते: ओके, रिजेक्ट आणि रीवर्क, म्हणजे दुरुस्त करून परत तपासायचं. चहाचा ग्लास आला की आधी उजेडात फिरवायचा. लग्नाच्या मांडवात शिरले की खुर्च्यांची रांग एक डोळा मिटून बघायची. एकदा त्यांनी नवरदेवाच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की स्टेज डावीकडं उतरलंय. त्या बिचाऱ्याला वाटलं, आहेर कमी पडला म्हणून काही सूचक बोलतायत; तो दिवसभर घामाघूम. माणसांच्या बाबतीत मात्र नानांचा नियम वेगळा होता. "माणूस रिजेक्ट नसतो," ते म्हणायचे. "माणूस रीवर्क असतो. वेळ लागतो, एवढंच."

यावर त्यांच्या पत्नी सुमनकाकू, ज्या अंगणवाडीतून निवृत्त झाल्या होत्या आणि ज्यांच्यासमोर अर्धं गाव अ आ ई शिकलं होतं, त्या म्हणायच्या, "माझं रीवर्क चाळीस वर्षं चालू आहे. भाजीत मीठ जास्त पडलं की ताटाकडं असं बघत्यात, मला वाटतं आता ताटाला तार बांधत्यात."

आता गटाराचं सांगतो, कारण त्याशिवाय हे सगळं कळायचं नाही.

आमची बाजारपेठ म्हणजे मारुतीच्या पारापासून जुन्या वेशीपर्यंतचा एकच रस्ता. दोन्ही बाजूंना दुकानं, गुरुवारी आठवडी बाजार. उत्तरेच्या बाजूनं गटार. या गटारावर गेल्या वीस वर्षांत आम्ही दुकानदार हळूहळू पुढं सरकलो. कुणी पायरी टाकली, कुणी ओटा बांधला, कुणी फरशी टाकून त्यावर फ्रीज ठेवला. पाणी तुंबायचं, रस्त्यावर यायचं, आणि बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बाया त्या चिखलात पोतं अंथरून बसायच्या. त्यांना दिवसभर जायला एक मुतारी नव्हती. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात 'बाजारपेठ गटार दुरुस्ती' दरवर्षी असायची आणि दरवर्षी पूर्ण झालेली असायची.

त्यात आप्पांनी व्यापारी संकुल काढलं. आप्पा म्हणजे आमच्या वॉर्ड एकचे तीन वेळचे सदस्य. शेती मोठी, पेठेत खतांचं दुकान, आवाज असा की स्पीकर लागत नाही. जुन्या बसथांब्याच्या जागी दोन मजली संकुल, बावीस गाळे, वर हॉल. पंचायतीचा सगळा निधी त्यात घालायचा. चित्र फार देखणं होतं. चित्रातल्या रस्त्यावर एक विलायती बाई कुत्रं घेऊन चालली होती.

ग्रामसभेत नाना उठले. हातात अंदाजपत्रकाची झेरॉक्स, बोट ओळीवर.

"आप्पा, यात बावीस गाळे. म्हणजे बावीस दुकानांचं पाणी जास्त. ते जाणार कुठं?"

"गटारात."

"गटार कुठंय?"

"काहून डोकं लावता नाना? पेठेत हाय की."

"तुमच्या कागदावर हाय," नाना म्हणाले. "जमिनीवर हाय का, ते मोजावं लागंल."

सभा हसली, आप्पाही हसले. पण निवडणूक लागली तेव्हा नाना खरोखर उभे राहिले. आणि इथून हसण्यासारखं कमी कमी होत गेलं.

नानांचं घर वॉर्ड तीनमध्ये, बुद्धविहाराच्या मागं. तिथं एक जागा राखीव होती. तिथून नाना उभे राहिले असते तर बिनविरोध आले असते; तसा निरोपच आप्पांकडून आला होता. पण नानांनी वॉर्ड एकमधल्या खुल्या जागेचा अर्ज आणला. आमच्या पेठेच्या वॉर्डातून, आप्पांच्याच समोर. त्यांच्या समाजातला माणूस या जागेवर कधी उभा राहिला नव्हता. हे कुणी मोठ्यानं बोललं नाही. आमच्याकडं असल्या गोष्टी चहाच्या टपरीवर दुसरीकडं बघत बोलतात. आप्पांचा पुतण्या संजू तेवढा थेट बोलला.

"नाना, तुमची जागा तिकडं हाय ना? मग इकडं काहून?"

नानांनी खिशातून स्टीलचा टेप काढला. "माझी जागा? किती बाय किती? मोजून दाखव."

संजूनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"तिकडं गटार नाय, संज्या," नाना मग नेहमीच्या आवाजात म्हणाले. "गटार इकडं हाय. म्हणून मी इकडं."

अर्जाला त्याच वॉर्डातला सूचक लागतो. दोन दिवस नाना पेठेत फिरले. ज्याला त्याला अचानक बाहेरगावी जायचं होतं. माझ्याकडं आले तेव्हा मी सही केली. शूर होतो म्हणून नव्हे. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि नाटक सुरू होतंय तर पहिल्या रांगेत बसावं, एवढीच माझी लायकी होती. मी पहिल्या रांगेत बसलो. आणि रंगमंच माझ्याच पायरीवर आला.

चिन्ह मिळालं कंगवा. नानांच्या डोक्यावर एक केस नाही. सगळ्या गावानं दोन दिवस पोट धरून हसून घेतलं. नाना घरोघर जाऊन सांगायचे, "मला याचा उपयोग नाय, म्हणजे हा मी स्वतःसाठी मागत नाय, हे तुम्हाला पटंल." लोक हसायचे आणि दार उघडायचे. आप्पांच्या गोटात पहिल्यांदा जरा चुळबुळ झाली.

मग तो शुक्रवार आला.

नानांनी सुताराकडून एक लाकडी चौकट बनवून घेतली होती. दीड फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे आराखड्यात गटाराचं जे माप लिहिलेलं होतं तेच. चौकटीला पुढं दोर. कारखान्यात याला गेज म्हणतात: जाईल ती वस्तू पास, अडकेल ती नापास. ही चौकट पारापाशी गटारात सोडायची आणि वेशीपर्यंत ओढत न्यायची. गेली तर गटार आहे. अडकली तिथं नाही.

"गटारात उतरणार कोण?" संजूनं मुद्दाम विचारलं. त्या प्रश्नात काय होतं ते सगळ्यांना कळलं.

नाना उत्तर द्यायच्या आधी सुमनकाकू बोलल्या. "संजय, तुला बाराखडी मी शिकवली. प्रश्न विचारायला शिकवायचं राहिलं वाटतं."

"कुणी उतरणार नाय," नाना शांतपणे म्हणाले. "मी गटारात हात घालायला उभा नाय. गटार कसं असावं ते सांगायला उभा आहे. ज्याचं दुकान, त्यानं आपल्या पुढ्यात दोर ओढायचा."

आणि काय सांगू, आम्ही ओढला. चाळीस-पन्नास माणसं जमली होती, नाही म्हणणार कसं? पहिल्यांदा चौकट माझ्या पायरीखाली अडकली. टॅग तिथं आधीच होता. पुढं रशीदभाईंच्या शिलाईच्या दुकानापाशी. पुढं भांडीवाला, किराणा, बांगड्यांच्या दुकानवाल्या कमलमावशी. दरवेळी नाना चौकट वर काढायला लावायचे, टेप लावायचे, टॅग भरायचे, सही करायचे, तार पिळायचे. माझा धरून दहा टॅग झाले. दुकानदारांचे चेहरे बदलत चालले होते. मतदानाला सहा दिवस, आणि उमेदवार मतदारांच्या दारावर 'नाकारले' लिहून चाललाय.

सगळ्यात शेवटी वेशीजवळ आप्पांचं खताचं दुकान. सगळ्यात मोठा ओटा त्यांचा. गर्दी पुढं सरकली. इथं चौकट अडकणार, आणि मग काय ते होणार, म्हणून सगळे वाकून बघायला लागले. आप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पाय हलत नव्हता, मान हलत नव्हती. संजूनं दोर ओढला.

चौकट ओट्याखाली गेली आणि पलीकडून बाहेर आली. घासलीसुद्धा नाही.

नानांनी परत घालायला लावली. परत बाहेर आली. नाना रस्त्यावर एक गुडघा टेकून ओट्याखाली टॉर्च मारत होते. आत घडीव दगडाची कमान होती.

"हे कुणी बांधलं?"

"वडलांनी," आप्पा म्हणाले. "म्हणले होते, पाणी अडवायचं नाय कुणाचं."

नाना उठले. दुसऱ्या खिशातून हिरवा टॅग काढला. मला दिसलं की सुमनकाकूंनी डोळे मिटून घेतले. त्यांना पुढचं कळलं होतं. नानांनी टॅग भरला. वस्तू: मोरी. दोष: नाही. तपासणारा: म. भि. मगरे. आणि आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या दुकानाला, भर पेठेत, मतदानाला सहा दिवस असताना, स्वतःच्या हातानं 'स्वीकारले' बांधलं.

"एक नंबर काम आहे, आप्पा," ते म्हणाले. "वडलांना मानलं."

परत येताना मी त्यांना धरलं. "नाना, काय केलंत हे? नाही लावला असता तर कुणी विचारलं असतं का?"

"पास झालेल्याला टॅग लावला नाय, तर नापासाच्या टॅगला काय किंमत, शेठ?"

दुसऱ्या दिवसापासून आप्पांचा प्रचार तीन शब्दांवर आला. लोक आले की ते नुसतं हिरव्या टॅगकडं बोट करायचे आणि म्हणायचे, "नाना काय म्हणत्यात?" आणि नापास झालेल्या दहा दुकानांत वेगळीच भीती पसरली. लाल टॅग म्हणजे अतिक्रमणाची नोटीस, निवडून आले की नाना जेसीबी आणणार, असं भांडीवाल्याला त्याच्या मेव्हण्यानं फोनवर सांगितलं. संध्याकाळपर्यंत जेसीबीचा नंबरसुद्धा लोकांना माहीत झाला होता. आमच्याच घरात माझा मोठा मुलगा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

"पायरी पाडली तर गिऱ्हाईक काय उडी मारून येणार का?" एवढंच म्हणाला.

सोमवारी कोणीतरी तक्रार केली. उमेदवाराचं नाव असलेलं प्रचारसाहित्य खासगी मालमत्तेवर विनापरवानगी लावलं. निवडणूक अधिकाऱ्यांनी नानांना बोलावलं. सूचक म्हणून मी सोबत गेलो. अधिकारी तरुण होते, तीन रात्री झोपले नसावेत.

"हे काय आहे?" त्यांनी टॅगचा फोटो दाखवला.

"तपासणी, साहेब."

"यावर तुमचं नाव आहे?"

"तपासणाऱ्याचं असावंच लागतं. नायतर कुणीबी कायबी लावंल."

"तुम्ही उमेदवार आहात?"

"व्हय."

"म्हणजे उमेदवाराचं नाव असलेला छापील कागद लोकांच्या दारावर आहे. परवानगी कुठंय त्यांची? छापणाऱ्याचं नाव कुठंय?"

नानांनी फोटोकडं बराच वेळ पाहिलं. मी वाट बघत होतो की आता वाद घालतील. त्यांनी मान हलवली.

"तुमचं बरोबर आहे साहेब. हे मीच बघायला पाहिजे होतं. रिजेक्ट."

अधिकारी गडबडले. इतक्या दिवसांत त्यांच्याशी सहमत झालेला हा पहिलाच उमेदवार असावा. आवाज खाली आणून ते म्हणाले, "पाच वाजेपर्यंत काढून टाका. नाहीतर ज्यांना ठेवायचाय त्या मालकाची लेखी संमती आणा, आणि मागं छापखान्याचं नाव लिहा. पाचनंतर एकही बेकायदा दिसला तर मला गुन्हा दाखल करावा लागेल."

आम्ही गावात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. सुमनकाकूंनी वहीची पानं फाडून संमतीचा मजकूर लिहून दिला, एकसारख्या अक्षरात अकरा कागद. नानांच्या एका हातात ते कागद, दुसऱ्या हातात पक्कड.

पहिले आप्पांकडं गेले. आप्पांनी कागद वाचायच्या आधीच सही केली. "राहू द्या नाना. ह्याला हात लावाल तर मी तक्रार करीन," म्हणाले, आणि ओट्यावरचे सगळे हसले. नाना हसले नाहीत. "आभार," म्हणाले आणि उतरले.

मग माझ्याकडं.

"शेठ, ठेवू का काढू?"

एवढंच. पटवणं नाही, भीड घालणं नाही. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मोठा मुलगा कपड्याचं ठाण उलगडता उलगडता थांबला. बायको माझ्याकडं बघत होती. आपापल्या पायरीवर येऊन भांडीवाला बघत होता, किराणावाला बघत होता. मी काय करतो त्यावर उरलेल्यांचं ठरणार होतं, हे मलाही कळत होतं आणि नानांनाही. मी पेन घेतलं. टोपण काढलं.

"काढा नाना," मी म्हणालो. "निवडणूक झाली की परत लावू. मीच लावतो."

नानांनी पक्कड लावली. तार तुटल्याचा आवाज काही फार मोठा नसतो. त्यांनी टॅग खिशात ठेवला, माझ्या हातातलं पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि परत दिलं.

भांडीवाल्यानं काढायला सांगितलं. किराणावाल्यानंही. मग रशीदभाई. ते मशीनवर वाकलेले, पाय चालूच.

"नाना, मेरेकू पूछते क्यूं? पानी तो मेरेच दुकान में आता. रहने देव."

"लिहून द्यावं लागंल, रशीदभाई."

"तो लिख देतूं. इत्ता क्या डरना?" त्यांनी मशीन थांबवलं आणि सही करताना मान वळवून शेजारी, थेट माझ्याकडं बघितलं. मी ठाणाची घडी घालायला लागलो. ती आधीच घातलेली होती.

कमलमावशींनी अंगठा दिला आणि वर म्हणाल्या, "त्या भाजीवाल्या माझ्याच दुकानाच्या आडोशाला जात्यात. लाज मला वाटती. ऱ्हाऊ दे टॅग."

बाकीच्यांनी काढायला लावले. दहापैकी दोन राहिले. पाचला दहा कमी असताना मला काय झालं कोण जाणे, मी दुकानातून उतरलो आणि पारापाशी नानांना गाठलं. "द्या तो कागद, सही करतो."

नानांनी घड्याळ पाहिलं. "तुमचा टॅग काढला ना आता. काढलेल्याची संमती काय घेऊ?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या शेठ. आजच्या आज सगळं व्हायला पाहिजे असं नाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मतदान शांततेत झालं. मतमोजणीला तालुक्याला मी नानांबरोबर खोलीत होतो. यंत्रावर आकडे येत गेले. पहिल्या केंद्रात नाना एकवीस मतांनी पुढं. संजूचा चेहरा उतरला. आप्पांनी खिशातून रुमाल काढला, पण घाम पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. दुसऱ्या केंद्रात, म्हणजे आमच्या पेठेच्या केंद्रात, आप्पा पंचवीसनं पुढं.

चार मतं.

"फेरमोजणी मागा," मी नानांच्या कानाशी म्हणालो. "चारच आहेत."

अधिकाऱ्यांनीही विचारलं, मागायची आहे का. खोलीतले सगळे नानांकडं बघत होते. नानांच्या हातात आकड्यांचा कागद होता. त्यांनी बोट एकेका ओळीवरून खाली आणलं.

"मोजणी बरोबर आहे साहेब," ते म्हणाले. "मी बघत होतो." आणि सही केली.

माझं मत मी कंगव्यालाच दिलं. आमच्या घरात मतं पाच. उरलेल्या चारांचं मी कधी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलं नाही. त्यातली तीन जरी तिकडची इकडं आली असती, तरी नाना सदस्य होते. हे गणित नानांनाही येत होतं. त्यांना तर माझ्याआधी आलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेठेत आले. निवडून आलेला माणूस घरोघर आभार मानत फिरतो, ही आमच्याकडची रीत. पडलेला माणूस फिरताना मी तोवर पाहिला नव्हता. नाना फिरले. पारापासून सुरुवात करून एकेका दुकानापुढं थांबायचे, हात जोडायचे, "आभारी आहे," म्हणायचे आणि पुढं जायचे. मत दिलं का, कुणाला दिलं, काही नाही. माझ्या दुकानापुढं ते आले, तेव्हा बायको पुढं झाली.

"नाना, चहा घ्या."

ते आत येऊन बसले. चहाचा ग्लास यावेळी उजेडात धरला नाही, सरळ प्यायले. मोठा मुलगा त्यांच्यासमोर उभा होता, कान लाल. मी वाट बघत होतो की आता विचारतील. त्यांनी सुमनकाकूंच्या गुडघ्याचं सांगितलं. पुण्याला ऑपरेशन करायचंय, मुलगा न्यायला येणार आहे, किती दिवस राहावं लागेल माहीत नाही. मग ग्लास खाली ठेवला, सगळ्यांना हात जोडले आणि उतरले. त्या महिन्यातच ते गेले, आणि काकूंना इकडच्या घराचा जिना चढता येईना म्हणून तिकडंच राहिले. त्यामुळे मला नाना आठवतात ते त्या सकाळचेच.

ते वेशीपर्यंत गेले. आप्पा ओट्यावर होते, पांढऱ्या कपड्यांत, कानांमागं कालचा गुलाल तसाच, भोवती दहा-बारा माणसं, पुढ्यात पेढे. नानांनी हात जोडले. आप्पांनी पेढा दिला. नानांनी खाल्ला. मग काहीतरी बोलले. पेठेतली सगळी दुकानं उघडी होती आणि एकाही दुकानात धंदा चालू नव्हता. आम्ही सगळे तिकडं बघत होतो. ऐकू काहीच येत नव्हतं.

बराच वेळ नाना बोलत होते. बोलताना त्यांचा हात आमच्या बाजूला, अख्ख्या पेठेवरून फिरत होता. आप्पांनी मध्ये एकदा मान जोरात हलवली, नाही म्हणून. संजू उठून उभा राहिला. आप्पांनी त्याला हातानंच खाली बसवलं.

आणि मग आप्पा उठले. ओट्यावरून उतरले, चार पावलं चालत शेजारच्या रिकाम्या गाळ्यापुढं आले आणि पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गटाराच्या काठावर उकिडवे बसले. नाना त्यांच्या शेजारी उभे, हात पाठीमागं. आप्पांनी फरशी कडेला सरकवली, बाही वर केली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. ओठ हलत होते. काय लागतंय ते नानांना सांगत असावेत. गुलाल मिसळलेला घाम त्यांच्या मानेवरून खाली येत होता आणि सदऱ्याची कॉलर लाल होत होती, पण त्यांनी हात बाहेर काढला नाही.

नाना जरासे वाकले, ऐकत होते.

पेठेतलं एक शटर अर्ध्यावर खाली आलं आणि भांडीवाला रस्त्यावर उतरला. मग दुसरं. आमचा मोठा मुलगा हातातलं ठाण ठेवून पायरी उतरला आणि त्या दोघांच्या दिशेनं चालायला लागला.